हायडेलबर्गचे पदक

१९७२ साल भारतीय क्रीडेतिहासात दोन कारणांनी लक्षात राहिले आहे. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले, आणि त्याच ऑलिंपिकनगरीत इस्रायली खेळाडूंची हत्या होऊन खेळाच्या मैदानाचे निरागसपण कायमचे गेले. याच वर्षी, याच देशात, म्यूनिकचा सोहळा सुरू होण्याच्या काही आठवडे आधी घडलेली तिसरी गोष्ट मात्र बहुतेक नोंदवह्यांतून गळून गेली. हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी मुरलीकांत पेटकर नावाच्या एका भारतीय सैनिकाने ५० मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळवले. ते सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे. त्यांच्या कमरेखालच्या भागावर १९६५च्या युद्धाने घाला घातला होता.

ऑलिंपिकमध्ये भारतीयाने वैयक्तिक सुवर्णपदक मिळवण्यास २००८ साल उजाडावे लागले. अभिनव बिंद्रा यांच्या त्या यशाचे वर्णन करताना ‘पहिला’ हा शब्द सर्वत्र वापरला गेला आणि ऑलिंपिकपुरता तो बरोबरच होता. परंतु त्याच्या छत्तीस वर्षे आधी दुसऱ्या एका जलतरण तलावाच्या काठावर भारताचा ध्वज सर्वांत उंच चढला होता, याची आठवण त्या दिवशी फारच थोड्यांना झाली असेल. भारताच्या पॅरालिंपिकमधील सहभागाचा इतिहास लिहू जाता पदकांच्या यादीइतकाच या विस्मरणाचाही विचार करावा लागतो. आपण काय जिंकलो हे यादी सांगते; आपण काय पाहू शकलो नाही, हे विस्मरण सांगते.

१

या खेळांचा उगम एका रुग्णालयात आहे. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ नाझी राजवटीच्या छळाला कंटाळून १९३९ साली इंग्लंडला आले. १९४४ साली एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी एक विभाग उघडण्यात आला व तो त्यांच्याकडे सोपवण्यात आला. तोवर अशा रुग्णांकडे वैद्यकशास्त्र मरणाची वाट पाहणारे म्हणूनच बघत असे. अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी त्यांचे आयुष्य लवकरच संपे. गुटमन यांनी त्यांची कूस दर थोड्या तासांनी बदलण्याचा दंडक घातला, त्यांना उठवून बसवले आणि त्यांच्या हाती चेंडू व धनुष्य दिले. खेळ हा त्यांच्या लेखी उपचाराचाच भाग होता; पण उपचाराच्या औषधाला चव नसते, खेळाला असते, हे त्यांनी ओळखले होते.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा माजी सैनिकांची, त्यांत दोन स्त्रियाही होत्या, तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९५२ साली नेदरलँड्समधील सैनिक येऊन मिळाले व ती आंतरराष्ट्रीय बनली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले; आज पहिले पॅरालिंपिक म्हणतात ते हेच.

आपल्याकडेही युद्धाने जायबंदी केलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपरा होती आणि तिचे केंद्र पुणे परिसरात होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, अपंग सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला स्थिरावली. लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात उभे राहिले ते १९४४ साली, म्हणजे स्टोक मँडेविलचा विभाग उघडला त्याच वर्षी. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: देशासाठी लढताना ज्याचे शरीर मोडले त्याचे पुढे काय करायचे? पुण्याने त्याला पाय दिला, हाताला काम दिले. स्टोक मँडेविलने त्याला प्रतिस्पर्धीही दिला.

२

भारत या मैदानात उतरला तो १९६८ साली. स्पर्धा ऑलिंपिकच्या गावी, म्हणजे मेक्सिको शहरात, होऊ शकल्या नाहीत आणि इस्रायलने यजमानपद स्वीकारले. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली असली तरी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला १९९२ साल यायचे होते. अशा काळात दहा भारतीय खेळाडूंचे पथक तेल अवीवला गेले. त्यात दोन स्त्रिया होत्या. पदक कोणालाच मिळाले नाही, परंतु त्या दहांमध्ये टेबल टेनिस खेळणारे एक तरुण सैनिक होते, आणि ते होते पेटकर.

लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात ते दाखल झाले तेव्हा मुष्टियुद्ध हा त्यांचा खेळ होता. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांतली एक कण्यात रुतून बसली. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना पाण्यातला व्यायाम हा औषधाचा भाग म्हणून त्यांना सांगण्यात आला. जमिनीवर जे शरीर भार झाले होते ते पाण्यात हलके होते, या साध्या भौतिक नियमातून पुढे हायडेलबर्ग घडले. तेथे ते केवळ पोहले नाहीत. भालाफेकीत आणि चाकांच्या खुर्चीच्या वळणावळणाच्या शर्यतीतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. एकाच खेळाडूने एकाच स्पर्धेत इतक्या निरनिराळ्या प्रकारांत उतरावे, यात त्या काळच्या भारतीय पथकाची तोकडी साधनसामग्रीही दिसते आणि त्या माणसाची जिद्दही.

पेठपासून कराडजवळचे गोळेश्वर फार दूर नाही. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२ सालच्या हेलसिंकीतील कुस्तीचे कांस्य, जिंकणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत. कृष्णाकाठच्या या दोन पुरुषांची तुलना केली की ध्यानात येते की विस्मरण हे केवळ अपंगांच्याच वाट्याला येते असे नाही. परंतु खाशाबांचे नाव निदान तालमीत घेतले जात होते. पेटकरांच्या पदकाला अशी कोणती तालीम नव्हती, कोणता फड नव्हता. ते कोणत्या परंपरेत मोजायचे, हेच समाजाला ठरवता येत नव्हते.

१९७६ साली टोरांटोच्या स्पर्धांत अवयव गमावलेल्या आणि दृष्टिहीन खेळाडूंना प्रथमच प्रवेश मिळाला. म्हणजे दार रुंद झाले, आणि नेमके त्याच वेळी भारत तेथे नव्हता. १९८०च्या आर्नहेममध्येही नव्हता. १९८४ साली स्पर्धा न्यूयॉर्क आणि स्टोक मँडेविल अशा दोन ठिकाणी विभागून झाल्या, तेव्हा आपले लहानसे पथक पुन्हा गेले व चार पदके घेऊन आले. जोगिंदरसिंग बेदी यांनी गोळाफेकीत रौप्य आणि थाळीफेक व भालाफेकीत कांस्य मिळवले. भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य मिळवले. एकाच पॅरालिंपिकमध्ये तीन पदके मिळवणारा दुसरा भारतीय २०२४पर्यंत तरी झालेला नाही.

त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताला एकही पदक मिळाले नाही. पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांशाने हुकले आणि साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. ती हळहळ खरी होती. परंतु न मिळालेल्या एका पदकासाठी देश हळहळत असताना मिळालेली चार पदके त्याच्या गावीही नव्हती, ही नोंद इतिहासाने केलीच पाहिजे.

३

१९८४नंतर पुढील पदकासाठी वीस वर्षे गेली. १९८८ साली सोल येथे पॅरालिंपिकचे खेळाडू ऑलिंपिकच्याच मैदानांवर उतरले. १९८९ साली आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली. भारतात १९९२ साली शारीरिक अपंगांचा क्रीडा महासंघ आकाराला आला, तोच पुढे भारतीय पॅरालिंपिक समिती झाला. याच काळात बंगळूरच्या मालती होळ्ळा चाकांच्या खुर्चीत बसून देशोदेशीच्या मैदानांवर खेळत होत्या. लहानपणीच पोलिओने त्यांचे शरीर ग्रासले होते. त्यांना २००१ साली पद्मश्री मिळाली. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा संमत केला. पदके नव्हती, परंतु ज्यांच्या आधारे पदके मिळू शकतील अशा संस्था, कायदे आणि माणसे यांची जुळणी होत होती.

२००४ साली अथेन्समध्ये राजस्थानातील चुरू जिल्ह्याच्या देवेंद्र झाझडिया यांनी ६२.१५ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. हाही जागतिक विक्रमच होता. राजिंदरसिंग रहेलू यांनी भारोत्तोलनात कांस्य मिळवले. यानंतरच्या दोन पॅरालिंपिकमध्ये झाझडियांच्या गटाची भालाफेक कार्यक्रमातच नव्हती. खेळाडूच्या तारुण्याची ऐन वर्षे अशी रिकामी गेली. २०१६ साली रिओमध्ये ती स्पर्धा परत आली तेव्हा ते पस्तिशीचे होते. त्यांनी ६३.९७ मीटरची फेक केली, स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला आणि दुसरे सुवर्ण घेतले. मधल्या काळात, २०१२ साली, लंडनमध्ये गिरीश एच. एन. यांनी उंच उडीत रौप्य मिळवून देशाची पाटी कोरी राहू दिली नाही.

रिओची वाटही सरळ नव्हती. २०१५ साली आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय समितीला निलंबित केले होते. ते निलंबन स्पर्धेपूर्वी उठले. एकोणीस खेळाडूंनी चार पदके आणली. मरियप्पन तंगवेलू यांनी उंच उडीत सुवर्ण मिळवले आणि दीपा मलिक यांनी गोळाफेकीत रौप्य. पॅरालिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. तेल अवीवला गेलेल्या त्या दोघींनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी हे घडले.

यानंतरचे आकडे झपाट्याने वाढत जातात. २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धांत ५४ खेळाडू व १९ पदके. २०२४ साली पॅरिसमध्ये ८४ खेळाडू व २९ पदके, त्यांत सात सुवर्ण. १९६८ ते २०१६ या अठ्ठेचाळीस वर्षांत भारताला एकूण बारा पदके मिळाली होती. २०२५ साली जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा प्रथमच भारतात, दिल्लीत, भरल्या आणि यजमानांनी २२ पदके मिळवली. शासनाचा पैसा, परदेशी सराव, विज्ञाननिष्ठ प्रशिक्षण आणि नोकरीची शाश्वती यांचा हा परिणाम आहे. एकेकाळी व्यक्तीच्या जिद्दीवर अवलंबून असलेली गोष्ट आता व्यवस्थेच्या हाती आली.

४

या नावांच्या यादीकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. प्रत्येक खेळाडूच्या अपंगत्वाचे कारण विचारत गेलो तर आपल्या देशाचा एक वेगळाच इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. पेटकर युद्धात जायबंदी झाले. मालती होळ्ळा आणि रहेलू यांना पोलिओ झाला होता. टोकियोत टेबल टेनिसचे रौप्य जिंकणाऱ्या भाविना पटेल यांनाही. झाझडिया आठ वर्षांचे असताना झाडावर चढले व विजेच्या जिवंत तारेला हात लागला. डावा हात गमवावा लागला. खेड्यात वीज पोचली, पण ती सुरक्षितपणे पोचली नाही. मरियप्पन पाच वर्षांचे असताना शाळेच्या वाटेवर बसखाली पाय चिरडला गेला. टोकियोत आणि पुन्हा पॅरिसमध्ये भालाफेकीचे सुवर्ण मिळवणारे सुमित अंतिल यांनी मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावला. नेमबाजीत सुवर्ण मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला पॅरालिंपिकपटू अवनी लेखरा यांच्या कण्याला मोटार अपघातात इजा झाली. पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवणारे सचिन खिलारी हे पुन्हा सांगली जिल्ह्यातलेच, आटपाडी तालुक्यातले. शाळकरी वयात सायकलवरून पडल्याचे निमित्त झाले आणि त्यांचा हात निकामी झाला.

युद्ध, पोलिओ, वीज, रस्ता: ही क्रमवारी कोणी मुद्दाम लावलेली नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताचा समावेश असलेला प्रदेश पोलिओमुक्त घोषित केला. याचा अर्थ असा की पोलिओग्रस्त खेळाडूंची पिढी ही बहुधा अखेरची ठरेल, आणि तशी ती ठरावी हेच इष्ट आहे. ज्या संघातून काही खेळाडू नाहीसे होणे हा देशाचा विजय आहे, असा दुसरा संघ कोणत्याही खेळात सापडणार नाही. रस्त्यांबाबत मात्र असे म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही. पदकाच्या प्रत्येक झळाळीमागे टाळता येण्याजोगी एखादी दुर्घटना उभी आहे. विजेत्याचे कौतुक करताना तिचा विसर पडणे हे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही.

युद्धाचा धागाही तुटलेला नाही. नागालँडचे होकाटो होटोझे सेमा यांनी २००२ साली सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावला. पुढे पुण्यातील लष्करी वातावरणातच त्यांनी गोळा हाती घेतला आणि २०२४ साली, वयाच्या चाळिशीत, पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले. पेटकरांपासून सेमांपर्यंत बावन्न वर्षांचे अंतर आहे; सैनिकाच्या शरीराची कथा मात्र तीच आहे.

५

या खेळांतील न्यायाची कल्पनाही विचार करण्याजोगी आहे. सर्वसाधारण शर्यतीत सगळे एका रेषेवर उभे राहतात आणि ती रेषा समान आहे असे आपण गृहीत धरतो. पॅरालिंपिकमध्ये ती रेषाच आधी आखावी लागते. कोणाचा हात, कोणाचा पाय, कोणाची दृष्टी किती काम करते हे तपासून खेळाडूंचे गट पाडले जातात, कारण विषमांना एकत्र पळवणे ही समता नव्हे. या वर्गीकरणात चुका होतात आणि त्यांची किंमत खेळाडूला मोजावी लागते. टोकियोत एका भारतीय थाळीफेकपटूने जिंकलेले कांस्यपदक, तो त्या गटास पात्र नाही या निर्णयामुळे त्याला मिळू शकले नाही. तरीही स्पर्धेपूर्वी विषमतेचे मोजमाप करण्याचा जो प्रयत्न येथे होतो, तो समाजाच्या इतर कोणत्या मैदानात होतो, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

भाषेलाही हेच मोजमाप लागू पडते. आपल्या प्राचीन कथांनी व्यंगाकडे दोन नजरांनी पाहिले. धृतराष्ट्र ज्येष्ठ असून अंधत्वामुळे राज्याला अपात्र ठरला, आणि मंथरेचे कुबड तिच्या मनाच्या वक्रतेची खूण मानले गेले. दुसरीकडे अष्टावक्राला पाहून जनकाची सभा हसली, तेव्हा त्या हसणाऱ्यांचीच फजिती झाल्याचे कथाकाराने सांगितले. मराठीत पंगू, लुळा हे शब्द मागे पडून अपंग आला, मग विकलांग, आणि २०१६च्या सुमारास शासनव्यवहारात दिव्यांग रूढ झाला. २०१६च्या हक्कविषयक कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले आणि क्रीडेच्या संधी देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. ‘दिव्यांग’ या शब्दावर मात्र अपंगांच्या काही संघटनांनीच आक्षेप घेतला: आमच्यात दिव्यत्व पाहू नका, आमच्या मार्गातील पायऱ्या पाहा. या आक्षेपाला पॅरालिंपिकच्या इतिहासात आधार सापडतो. गुटमन यांनी रुग्णांना दिव्य मानले नाही. त्यांनी त्यांची कूस बदलली आणि त्यांच्या हाती धनुष्य दिले.

म्हणून शेवटी पुन्हा पाण्याकडेच यावे लागते. पॅरिसपर्यंतच्या साऱ्या यशात भारताची बहुतेक पदके मैदानी खेळांतली आहेत; त्यांना नेमबाजी, बॅडमिंटन, तिरंदाजी यांची जोड आहे. पोहण्यातले पदक मात्र आजवर एकच, ते १९७२चे. सोलापूर जिल्ह्याचे सुयश जाधव रिओला आणि टोकियोला पोहले, बंगळूरचे निरंजन मुकुंदन टोकियोत पोहले. परंतु हायडेलबर्गच्या पदकाला दुसरे पदक अजून भेटलेले नाही. भाला घेऊन एखादा मुलगा गावाबाहेरच्या माळावर जाऊ शकतो. जलतरण तलावापर्यंत जायला मात्र चाकांच्या खुर्चीसाठी उतार लागतो, कपडे बदलण्याची जागा लागते, पाण्यात उतरवणारा मदतनीस लागतो, आणि ‘तुला कशाला पाण्यात जायचे’ असे न विचारणारा पहारेकरी लागतो. पदकतालिकेतील ही एक रिकामी रांग आपल्या शहरांची रचना जितकी स्पष्ट दाखवते, तितकी एकोणतीस पदकेही दाखवत नाहीत.

पेटकरांचे नाव आज पद्म पुरस्काराच्या यादीत आहे, २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर चित्रपटही निघाला. विस्मरणाचे ऋण काही अंशी फिटले. परंतु त्यांचा खरा सन्मान ज्या दिवशी एखाद्या तालुक्याच्या गावी चाकांच्या खुर्चीतली मुलगी कोणाचीही परवानगी न मागता तलावाच्या पाण्यात उतरेल, त्या दिवशी होईल. ती विक्रम करील की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.